तार बसेल म्हणून

मिरजेचे दस्तगीरमामा तंबोरे बनवतात. त्यासाठी लागणारे वर्षभराचे भोपळे घ्यायला ठेवलेले पैसे त्यांनी एका चढत्या शेअरमध्ये घातले. त्या भोपळ्यांवरच दोन कारागिरांचं पोट. पुढं चढ मंदावला, मग शेअर घसरायला लागला.

"आवं, जोर संपला त्याचा. लाट फिरली, इका आता!" शाहजादीमामी कळवळल्या.

मामा मान तिरकी करून मोबाईलकडं बघत, जणू सूरच लावतायत. "नवी तार आधी उतरतीच गं, मग बसती. लय घाई तुला!"

महिन्याभरात निम्मे पैसे गेले, आणि भोपळ्यांचा टेम्पो दारात आला. मामांनी उरलेसुरले शेअर विकून निम्मे भोपळे उतरवून घेतले.

"बाकीचं?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"शेजारच्या दुकानात ने रं," मामा म्हणाले, "आन् माझा एक कारागीरबी तिकडंच सोड."