पाद्री पोहोचेपर्यंत

रान्वाईग हेल्लन गेली एकतीस वर्षे आमच्या बेटाच्या वृत्तपत्रात बातमीदार आहे. या वृत्तपत्राचा इतिहास लिहिताना मी तिच्याविषयी बरेच ऐकले आणि त्यातले निम्मे बाजूला ठेवले. मृत माणसाबद्दल बोलावे तसे लोक तिच्याबद्दल फार चांगले बोलतात आणि असे बोलणे मला पुरावा म्हणून चालत नाही. पुढे एका दिवसाविषयी जे लिहिले आहे ते तिला आणि त्यात सापडलेल्या ओलाउस व गुन्वोर या बेटवासीयांना स्वतंत्रपणे विचारून, त्या दिवसाच्या बातमीच्या साठवलेल्या आवृत्त्यांशी ताडून पाहिले आहे.

एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. रान्वाईग जुन्या जगाला चिकटून बसलेली नाही. बर्गन शहराची मोठी वृत्तपत्रे अजून चाचपडत होती तेव्हा नगरपालिकेच्या सभा फोनवरून थेट दाखवायला तिनेच सुरुवात केली. बेटाच्या फेसबुक गटात ती रोज असते आणि लोकांच्या टोमण्यांना तिथेच उत्तर देते. जहाजांचा नकाशा तिच्याही फोनवर सतत उघडा असतो. तो आमच्याकडे कोणाच्या फोनवर नसतो? कोणाची बोट कुठे आहे हे आम्ही हवामान पाहावे इतक्या सहजपणे पाहतो.

घोटाळा झाला तो याच सवयीतून.

मे महिन्यातल्या त्या सकाळी ओलाउस निपेनची बोट खडकांपाशी रिकामी तरंगताना सापडली. थोड्याच वेळात बचावनौकेला एक मृतदेह मिळाला. पोलिसांनी नाव सांगितले नाही, पण नकाशावर बोटीचे नाव सगळ्यांना दिसत होते. गटात कोणीतरी लिहिले, ‘शांतपणे विसाव, ओलाउस.’ त्याखाली मेणबत्त्या आणि हृदये जमू लागली. मुख्य भूमीवरच्या एका मोठ्या वृत्तसंकेतस्थळाने ‘बोटीचा मालक बुडाल्याची भीती’ असा मथळा दिला.

आमच्याकडे मृत्यूची बातमी पाद्री दारात येऊन सांगतो. तो येऊन गेल्याशिवाय वृत्तपत्र नाव छापत नाही. हा नियम मोडल्याचे एकही उदाहरण मला जुन्या अंकांत सापडलेले नाही, आणि मी ते शोधले होते.

संपादक ईवार तिच्याहून वीस वर्षांनी लहान. भिंतीवरच्या पडद्यावर वाचकांचा आकडा घसरत होता.

“रान्वाईग, अख्ख्या बेटाला माहीत आहे. आपणच तेवढे तोंड शिवून बसलोय.”

“अख्ख्या बेटाला वाटतंय, ईवार. माहीत कोणालाच नाही.”

“हे बघ, लोक काय लिहितायत. ‘पेपर झोपलाय का?’ ‘वर्गणी कशाची घेता?’”

“लिहू दे. नावं ठेवायला त्यांना पैसे पडत नाहीत.”

ती ओलाउसचा फोन लावतच राहिली. मेलेल्या माणसाला कशाला फोन करतेस, असे ईवारने विचारल्यावर ती म्हणाली, “उचलला नाही तर निदान त्रास तरी होणार नाही ना त्याला.”

शेवटी फोन उचलला गेला.

“काय गं, श्रद्धांजलीला फोटो हवाय का?” ओलाउस धापा टाकत म्हणाला. “सकाळपासून गोठ्यात आहे मी. मेंढ्या विणतायत. फोन आत्ता बघितला तर मी मेलोय म्हणे! अर्धं जन्माला आलेलं कोकरू धरून बसलोय इथे, त्याला कोण सांगणार?”

ईवारने आवाज ऐकला आणि तो टंकायला बसलासुद्धा: ओलाउस जिवंत. दिवसातली सर्वांत मोठी बातमी, खरी, आणि केवळ आमच्याकडे.

रान्वाईगने हात आडवा धरला. “ओलाउस, बोट कोणाला दिली होतीस?”



“तूर्गिल्सला,” तो म्हणाला. “त्याचं इंजिन धक्क्यावरच बंद पडलं. मी म्हटलं, माझी ने, मी काही आज गोठा सोडत नाही.”

तूर्गिल्सची बायको गुन्वोर हिला यातले काहीच ठाऊक नव्हते. नकाशावर नवऱ्याची बोट धक्क्याला सुखरूप दिसत होती आणि ती निश्चिंत होती. इतकी, की ओलाउसच्या श्रद्धांजलीखाली तिने हृदय ठेवून लिहिले होते: ‘त्याच्या मागे घरात कोणी नाही. मेंढ्यांकडे कोणीतरी बघायला हवं. मी निघाले.’

ते वाक्य रान्वाईगने वाचले होते. ओलाउस जिवंत असल्याचे छापले, की बोटीत कोण होते हे ताडायला बेटाला मिनिटभरही लागणार नव्हते. आणि गुन्वोर ते फोनवर, रस्त्यात, एकटी वाचणार होती.

“हे टाकायचं नाही, ईवार.”

“अगं, पण हे खरं आहे! खरं छापायचं नाही, तर करायचं काय आपण?”

“छापायचं. पाद्री पोहोचला की.”

तिने पोलिसांना तूर्गिल्सचे नाव कळवले. पाद्री पलीकडच्या काठावर होता, त्याला फेरीबोट पकडायची होती. मग तिने पुन्हा ओलाउसला फोन केला.

“ती रस्त्यावर दिसतेय मला,” तो म्हणाला. “बूट घालून आलीय, गोठ्यात काम करायला. मी काय बोलू गं?”

“तुला जेवढं ठाऊक आहे तेवढंच. तिला बसव. एकटी सोडू नकोस. आणि कोणालाही तू जिवंत असल्याचं सांगू नकोस.”

“मुलीला तरी सांगू दे, ट्रोम्सोमध्ये रडत असेल ती.”

“तिला सांग, पण गप्प राहा म्हणावं.”

“बरं,” ओलाउस म्हणाला. “मग इतरांसाठी मी अजून थोडा वेळ मेलेलाच राहतो.”

दरम्यान वृत्तपत्राने तीनच वाक्ये प्रसिद्ध केली: मृतदेह सापडला आहे, नातेवाइकांना कळल्यावर नाव दिले जाईल, गटात फिरणाऱ्या नावाला पोलिसांचा दुजोरा नाही, ते कृपया काढावे. काहींनी काढले. बहुतेकांनी टवाळी केली. ती टवाळी मी साठवून ठेवली आहे. तीही इतिहासच आहे.

गोठ्यात काय घडले याबद्दल ओलाउस आणि गुन्वोर यांचे सांगणे जुळते. त्याला उभा पाहून तिने आधी त्याच्या छातीवर बुक्के मारले. “मेल्या, सगळं बेट रडवलंस की रे!” ती हसत होती. मग हसणे थांबले. “मग बोट कोणी नेली होती?” तिने विचारले, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो तिच्याजवळ गवतावर बसला. तिचा फोन कोटाच्या खिशात वाजत होता. तो कोणीच काढला नाही. पाद्री आला तेव्हा ते दोघे तसेच बसले होते.

रान्वाईगचे चुकलेही असते. पाद्री येण्याआधी दुसऱ्या कोणी तर्क बांधला असता, तर तिचे मौन व्यर्थ गेले असते. हे तिला त्या वेळीही माहीत होते. माझ्या मते तिचा मोठेपणा त्यातच आहे: खात्री नसताना तिने एका बाईसाठी थोडा वेळ मिळवायचा प्रयत्न केला आणि त्याची किंमत वृत्तपत्राच्या अब्रूने मोजली.

पाद्री येऊन गेल्यावर वृत्तपत्राच्या कचेरीत फोन वाजला तो गुन्वोरचा होता.

“आता घाल नाव,” ती म्हणाली. “आणि ओलाउस आहे, तेही घाल. नाहीतर लोक त्याची कोकरं वाटून घेतील.”

रान्वाईगने मजकूर लिहिला आणि तिला वाचून दाखवला. गुन्वोरने तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

“हं,” ती म्हणाली. “टाक.”