गॅपचं प्रतिज्ञापत्र

दुसऱ्या वेळच्या नीटचा निकाल लागला तेव्हा क्लासच्या सरांनी फोन करून माझा एक पासपोर्ट फोटो मागवला. कशाला, असं मी विचारलं नाही. काही दिवसांनी नाशिकच्या गंगापूर रोडच्या सिग्नलवर आमची रिक्षा थांबली आणि समोर क्लासच्या इमारतीवरच्या फ्लेक्सवर मी लटकलेली दिसले. ओळीत तिसरी. चापूनचोपून बसवलेले केस, शाळेतल्या मुलीसारखा चेहरा आणि खाली भल्यामोठ्या लाल आकड्यात ३४०. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, बायोलॉजी, ३६० पैकी.

शेजारच्या मुलाचे एकूण गुण दिले होते. माझे दिले नव्हते, आणि त्याला कारण होतं. बायोलॉजीला मला कष्ट लागतच नाहीत, ते वाचलं की राहतं. केमिस्ट्री मधली कुठेतरी. फिजिक्समध्ये मला इतके गुण मिळाले होते की डोळे मिटून गोळे रंगवले असते तरी तेवढे मिळाले असते. दहावीला ब्याण्णव टक्के, बारावीला एकसष्ट. "तुझ्या मार्कांचा ग्राफ काढला तर ईसीजी निघेल," असं सर एकदा भर वर्गात म्हणाले होते. सगळे हसले. मीही हसले, कारण तुलना बरोबर होती.

पण सिग्नलला थांबलेली माणसं बारीक अक्षरं वाचत नाहीत. आठवड्याभरात इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत मी डॉक्टर झाले.

"काय डॉक्टरीणबाई," खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात अडवलं. "आता आमचे गुडघे फुकटात बघायचे हं. आणि गोळ्या कडू नकोत."

मी हसून वर निघून आले. काकूंना खरं काय ते सांगायचं तर जिन्यात उभं राहून बरंच बोलावं लागलं असतं. मला तीन वाक्यांच्या वर बोलायचं असलं की आधी मनात जुळवणी करावी लागते. ती होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

पप्पा मनमाडला रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क आहेत. रोजचं जाणंयेणं. फ्लेक्सचा फोटो त्यांच्या ऑफिसच्या ग्रुपवर त्यांच्याही आधी पोचला होता. त्या संध्याकाळी ते घरी आले ते चप्पल काढता काढताच म्हणाले, "सगळ्यांनी पेढे मागितले."

"मग?" मम्मीने विचारलं.

"मग काय. दिले."

"अहो, पण लिस्ट कुठे लागलीय अजून?"

"लागेल की. उगाच लावतात का फ्लेक्सवर?"

मम्मीने माझ्याकडे पाहिलं. मी जेवत होते, जेवत राहिले. पप्पांना माझे एकूण गुण माहीत होते. स्कोअरकार्डची प्रिंट त्यांनीच काढून आणली होती, लॅमिनेट करावी का असंही विचारलं होतं. तरी त्यांना तो कागद आणि तो फ्लेक्स यांत फ्लेक्स जास्त खरा वाटत होता. मला त्यांचा राग आला नाही. मला त्या दिवसांत कशाचंच काही वाटत नव्हतं.

क्लासमध्ये दाखले परत घ्यायला गेले तेव्हा आमच्या रिपीटर बॅचमधली एक मुलगी भेटली. वर्षभर आम्ही शेजारी बसलो होतो. ती वेफर्स खात म्हणाली, "तुला काय टेन्शन आहे यार? तुझं कॅटेगरीत होऊन जाईल." तिच्या बोलण्यात खोच नव्हती. तिने पुडा माझ्यापुढेही धरला. मी एक वेफर घेतला आणि "बघू" म्हणाले. क्लासमध्ये मी आपणहून आडनाव कधी सांगितलं नव्हतं, पण हजेरी आडनावानेच व्हायची. कॅटेगरीलाही कटऑफ असतो आणि तो माझ्या गुणांच्या बराच वर आहे, हे मी तिला सांगू शकले असते. पण तिच्या हिशोबाप्रमाणे मला न मिळायला काही कारणच नव्हतं. मग न मिळण्याबद्दल बोलायचं तरी काय.

एमबीबीएसच्या पहिल्या फेरीची यादी आली. फाइल उघडायला वेळ लागला. मी माझा अर्ज क्रमांक शोधायला टाकला आणि काही सापडलं नाही. तोच क्रमांक पप्पांनी पुन्हा टाकला, एकेक आकडा मोठ्याने म्हणत. नाही सापडला. दुसऱ्या फेरीलाही असंच झालं. त्या वेळी पप्पा म्हणाले, "सर्व्हर डाउन असेल," आणि मम्मी म्हणाली, "यादी तर उघडलीय ना तुमच्यासमोर."

मी बीएएमएसचाही अर्ज भरून ठेवला होता. आयुर्वेदाची यादी लागली तेव्हा घरात मी एकटी होते. तीत माझा क्रमांक होता. तालुक्याच्या गावातलं एक कॉलेज, नाशिकहून एसटीने अडीच-तीन तासांवर. मी पाणी प्यायले आणि अभ्यासक्रम बघितला. पहिल्या वर्षाला संस्कृत होतं. आमच्या इंग्लिश मीडियम शाळेत आठवीला संस्कृत किंवा फ्रेंच घ्यायचं असायचं. मी फ्रेंच घेतलं होतं, कारण त्या वर्गात मुली कमी होत्या आणि कोणी फार बोलत नसे.

संध्याकाळी मी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "असू दे. राहू दे ते." नंतर त्यांनी सांगितलं की सरांशी त्यांचं बोलणं झालंय. बायो पक्कं आहे, आता एक वर्ष नुसतं फिजिक्स करायचं. फीसुद्धा नको म्हणालेत सर. मला सरांचं कळलं. त्यांना पुढच्या वर्षीच्या फ्लेक्सवर पुन्हा मोठा आकडा हवा होता आणि तो माझ्याकडे हमखास होता.

म्हणजे गोष्ट साधी होती. ठरलेल्या मुदतीत जाऊन आयुर्वेदाला प्रवेश घेतला, तर दुसरा ड्रॉप, म्हणजे नीटसाठी आणखी एक वर्ष, टळणार होता. नाही घेतला तर ती जागा जाणार आणि मी पुन्हा त्याच बाकावर बसणार.

मम्मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. ती मुलांना बोलतं करण्यात पटाईत आहे, असं तिच्या शाळेत म्हणतात. भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली, "तू बोल ना पप्पांशी."

"काय बोलू?"

"तुला काय पाहिजे ते."

"मला नाही माहीत."

"असं कसं माहीत नाही?"

दातासाठी इंजेक्शन घेतल्यावर ओठ आपलाच आहे हे माहीत असतं, पण चावून पाहिला तरी कळत नाही. मला काय पाहिजे हे मी तसं चाचपून पाहिलं आणि काहीच कळलं नाही. काय नको ते मात्र थोडंसं कळत होतं. सकाळी सातच्या वर्गातला ट्यूबलाइट. उतारावरून घसरणारा ठोकळा. घर्षण नाही असं समजा, हवा नाही असं समजा, दोरीला वजन नाही असं समजा. दोन वर्षं मी एवढ्या गोष्टी नाहीत असं समजत आले होते की शेवटी त्या ठोकळ्याशिवाय काही उरलं नव्हतं. हे मम्मीला सांगावं असं वाटलं. तोवर तिची मेथी निवडून झाली होती.

तिने पप्पांना एवढंच पटवलं की कागदपत्रं तरी तयार ठेवू. बाकी सगळं होतं, गॅपचं प्रतिज्ञापत्र तेवढं नव्हतं. बारावीनंतर वर्ष मोकळं गेलं असेल तर त्या काळात काय केलं हे स्टॅम्पपेपरवर शपथेने लिहून द्यावं लागतं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी पप्पांनी रजा टाकली आणि आम्ही दोघं सीबीएस बस स्टँडजवळ कोर्टाबाहेर गेलो. तिथे छत्र्यांखाली टेबलं मांडून टायपिस्ट बसतात. टाइपरायटर आता नाहीत, लॅपटॉप आणि छोटे प्रिंटर आहेत.

"बोला साहेब. भाडेकरार, नावात बदल, का गॅप?" टायपिस्टने विचारलं.

"गॅप."

"नीट ना? आज सगळे नीटवालेच आहेत." त्याच्याकडे मजकूर तयारच होता, फक्त नाव आणि वर्षं बदलायची होती. "मुलगी किती वर्षं घरी?"

"घरी नव्हती हो. क्लासला जात होती," पप्पा म्हणाले.

"क्लास म्हणजे घरीच, साहेब. कागदावर तरी." त्याने माझं आधार कार्ड बघून नाव टाइप केलं आणि पोथी वाचावी तशा चालीत मजकूर वाचून दाखवला. मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की, बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही, कोणतीही नोकरी अथवा व्यवसाय केलेला नाही, तसेच कोणत्याही गैरकृत्यात माझा सहभाग नव्हता.

"अभ्यास करत होती, असं घाला ना मध्ये."

"अभ्यासाला पुरावा काय देणार? काहीच केलं नाही, ह्याला पुरावा लागत नाही बघा."

मी तो मजकूर स्क्रीनवर पुन्हा वाचला. कथन करते हा शब्द मला नवीन होता. बाकी सगळं बरोबर होतं.

"कुठपर्यंत घालू? आजपर्यंत?"

"तारीख मोकळी नाही का ठेवता येणार?" पप्पांनी विचारलं. "म्हणजे पुढच्या वर्षी लागलंच तर हेच वापरता येईल."

"शपथ आहे ना ही. पुढच्या वर्षाची शपथ आज कशी घेईल ती?"

"नाही, ती तिसऱ्यांदा देणार आहे परीक्षा. म्हणून म्हटलं."

टायपिस्टने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "देणार का ताई?"

त्याला फक्त तारीख हवी होती. मागे माणसं थांबली होती आणि त्याची बोटं कीबोर्डवर तयार होती. आमच्या घरात हे वाक्य बरेच दिवस फिरत होतं, पण त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह कोणी लावलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

"काय?"

"नाही देणार. आजपर्यंतच लिहा."

पप्पांनी फाइल एका बगलेतून काढून दुसऱ्या बगलेत धरली. "अगं, एकच तर विषय आहे."

"हो. तोच आहे."

"बायो एवढं चांगलं असताना..."

"पप्पा, नको."

मला आवाज चढवता येत नाही. त्यामुळे हे भांडण आहे हे आजूबाजूच्या कोणाला कळलं नसावं. पप्पा रस्त्याकडे बघत राहिले. समोर एक बस वळण घ्यायला जागा मिळत नाही म्हणून मागेपुढे करत होती, ती वळून जाईपर्यंत ते बघत होते.

"साहेब, मागे लोक थांबलेत," टायपिस्ट म्हणाला.

"आजपर्यंत घाला," पप्पा म्हणाले.

आत नोटरी वकील होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "वाचलं का?" मी हो म्हणाले. "खरंय?" मी पुन्हा हो म्हणाले आणि त्यांनी बोट ठेवलं तिथे सही केली. शिक्के एकापाठोपाठ एक पडले.

बाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी उभं राहून पप्पांनी ऑफिसला फोन लावला. मी प्रती मोजून घेत होते, पण ऐकू येत होतं. "उद्याची पण रजा लागेल हो. मुलीच्या अॅडमिशनला जायचंय." मग थोडा वेळ पलीकडचा माणूस बोलत होता, बहुतेक अभिनंदन करत असावा. "नाही, नाही. एमबीबीएस नाही मिळालं. आयुर्वेद. हो. नाही, ते वेगळं असतं." पलीकडून आणखी काहीतरी विचारलं गेलं. पप्पा म्हणाले, "फिजिक्समध्ये कमी पडले. हो, खूपच कमी," आणि फोन खिशात ठेवला.

"पहिली एसटी धरावी लागेल," ते मला म्हणाले. "उठशील ना?"

मी हो म्हटलं. आम्ही रिक्षात बसलो. इंदिरानगर येईपर्यंत पप्पा फाइल मांडीवर धरून बसले होते आणि मी प्रती पुन्हा एकदा मोजल्या.