तीनशे मीटर दोर

नव्वदीच्या दशकातल्या एका सप्टेंबरात आम्हाला उत्तरेतल्या एका उंच पोस्टवर जायची ऑर्डर आली. पोस्टचं नाव सांगत नाही. चोवीस माणसं, सहा महिने, आणि नोव्हेंबरात घाट बंद झाला की खालच्या जगाशी संबंध फक्त वायरलेसवर. मी हवालदार होतो. पोस्टचं स्टोअर माझ्याकडे होतं.

पोस्टच्या खाली तीनशे मीटरवर आमचा डंप होता. घाट बंद व्हायच्या आत सहा महिन्यांचं रॉकेल आणि रेशन तिथं उतरवून ठेवलेलं असायचं. रोज सकाळी नऊला सहा जणांची पार्टी खाली जायची आणि साडेअकराच्या आत पाठीवर ओझं घेऊन वर यायची. वाट आधी कड्याच्या कपारीतून, मग बर्फाच्या सपाटीवरून. कपारीत एके ठिकाणी काळा खडक पुढं आला होता. तिथं जेमतेम एक बूट मावेल एवढी जागा होती.

चोवीस जणांत माझ्या भागातला एकच माणूस, रामसिंग राठोड. पुसेगावजवळच्या तांड्यावरचा. माझं गाव कळमनुरी तालुक्यात. हिंगोली जिल्हा तेव्हा झाला नव्हता, कागदावर आम्ही दोघंही परभणीचे. मी धनगराचा, माझ्या बापाची सव्वाशे मेंढरं. रामसिंगचे वाडवडील बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरलेले. त्याला नुकतीच नाईकाची फीत मिळाली होती. तांड्याच्या प्रमुखालाही नाईकच म्हणतात, म्हणून तो म्हणायचा, "दादा, आमच्या खानदानात कुनाला जमलं न्हाई ते सरकारनं मला फुकटात देलं." दिवसभर सगळ्यांशी हिंदी बोलून जीभ कंटाळायची. संध्याकाळी स्टोव्हजवळ बसून आम्ही दोघं आमच्या बोलीत बोलायचो. फार महत्त्वाचं काही नसायचं. पण ते अर्ध्या तासाचं बोलणं मला जेवणापेक्षा जास्त लागायचं.

वर जाण्याआधी दोराचा प्रश्न निघाला. वाटेवर धरायला कायमचा दोर हवा होता. मागणी केलेला दोर आला नव्हता आणि घाट दोन आठवड्यांत बंद होणार होता. लोकांना वाटतं, फौजेत पैशाला तोटा नसतो. असतो. वर जादा रकमेसाठी पत्र लिहिलं असतं तर मंजुरी आली असती, पण बर्फ वितळल्यावर. हातात होती ती लोकल परचेसची, म्हणजे जवळच्या बाजारातून घ्यायची, ठरावीक रक्कम. तिच्यासाठी तिघांचं बोर्ड बसलं: क्वार्टरमास्टर मेजर साहेब, एक सुभेदार साहेब आणि मी.

टेबलावर दोन नमुने होते. एक गिर्यारोहणाचा दोर, दुसरा ट्रकवरचा माल बांधतात तो नायलॉनचा. त्या रकमेत पहिला शंभर मीटर मिळत होता, दुसरा तीनशे.

मेजर साहेब म्हणाले, "हवालदार, वहाँ रहना तुम्हें है. बोलो."

मी म्हणालो, "साब, पूरा रास्ता चाहिए. तीन सौ मीटर."

माझ्यासारखा माणूस दुसरं काही बोललाच नसता. मेंढरं बसवतात त्या जागेभोवती आम्ही वाघूर लावतो, दोराची जाळी. लहानपणापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात ठोकून बसवलेली होती: वाघूर कितीही जुनी असो, ती पुरी फिरली पाहिजे. भारीतला भारी दोर वापरला आणि हातभर फट राहिली, तर लांडगा फटीतूनच येतो. मी तोच हिशेब कड्यावर लावला. सुभेदार साहेबांनी मान डोलावली. सही झाली.

वर जाऊन दोर लावायला घेतला तेव्हा रामसिंगनं तो दोन्ही मुठीत धरून ताणला. तोंड वाकडं केलं.

"दादा, ह्यो काहून घेतला?"

"पुरा पडतो म्हणून."

"दोर जितं वजन पडतं तितला पाहाचा. बाकी ठिकानी नसला तरी मानूस चालतं. त्या काळ्या खडकापाशी तरी डबल करा. खाली सपाटीवर कमी पडला तर पडू द्या."

"सपाटीवर धुकं उतरलं की माणूस कुठं जाईल?"

"मानूस काय मेंढरू हाय का दादा?"

मला राग आला. खरं सांगायचं तर राग दोराचा नव्हता, मेंढरू म्हटल्याचा होता. मी म्हणालो, "स्टोअर माझ्याकडं हाय. जसा सांगतो तसा लाव." त्यानं "जी" म्हटलं आणि लावला. खडकावर एकेरी, सपाटीवरही एकेरी, शेवटच्या खुंटीपर्यंत.

जानेवारीत मी बरोबर ठरलो. सकाळची पार्टी सपाटीवर असताना वारा सुटला आणि स्वतःचा हात दिसेना. मागचे दोघं वाट चुकले. पाऊण तास आम्ही वरून शिट्ट्या वाजवत होतो. शेवटी त्या दोघांच्या हाताला दोर लागला आणि एकेक खुंटी चाचपत ते वर आले. त्या दिवशी चहाच्या वेळी मी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रामसिंग, सपाटीवरचा दोर काढायचा का?" सगळे हसले. तोही हसला. म्हणाला, "न्हाई दादा, तुमचं बराबर व्हतं."

त्यानंतर खडकापाशी दोर दुहेरी करायची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही. मीही नाही.

फेब्रुवारीतला दिवस. आकाश स्वच्छ, वारा नाही. पार्टी नऊला गेली. रामसिंग तिसरा होता, पाठीवर रॉकेलचे दोन जेरीकॅन. अकरा वाजून वीस मिनिटांनी वायरलेस बोलला.

"चार्ली वन, एक आदमी गिरा. ओव्हर."

"कौन? ओव्हर."

"राठोड. ओव्हर."

"जगह? ओव्हर."

"काला पत्थर. रस्सी टूट गई. ओव्हर."

मी सेट खाली ठेवला आणि निघालो. पाय घसरल्यावर त्यानं दोर दोन्ही हातांनी पकडला होता, मागच्या जवानानं पाहिलं होतं. दोरानं त्याला क्षणभर धरलं, मग तो खडकाच्या धारेवर तुटला. तुटलेलं टोक मी हातात घेतलं. झिजून पिंजलं होतं. आम्ही सहा जण दोर बांधून खाली उतरलो. दुपारी दोन चाळीसला त्याच्यापर्यंत पोहोचलो. तो गेलेला होता. एक जेरीकॅन तसाच शाबूत पाठीला होता.

हेलिकॉप्टर चौथ्या दिवशी आलं. पुढं कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे चौकशी, झाली. खरेदी मंजूर रकमेत व गरजेच्या प्रमाणात झाल्याचं कागदावर आलं. ते खरंच होतं. दोघं त्या दोरामुळं वाचले होते आणि एक त्याच दोरामुळं गेला होता. मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

त्याआधी पार्थिवासोबत मलाच पाठवलं होतं. अंत्यसंस्कार झाल्यावर त्याचे वडील, हरसिंगकाका, माझ्यापाशी येऊन बसले. विचारलं, "दोर तुटला म्हने. कोनी घेतला व्हता साहेब तो दोर?"

मी म्हणालो, "सरकारनं."

त्यांनी मान हलवली. परत पोस्टवर गेल्यावर दोन महिने माझ्याशी माझ्या बोलीत बोलणारं कुणी नव्हतं. मी स्टोअरमध्ये एकटा असलो की कधी कधी मोठ्यानं "काहून" म्हणून बघायचो.

नंतर बढती मिळाली, पेन्शन मिळाली. बायको वारली, मुलगा पुण्यात राहिला आणि मी हिंगोलीत एका गोदामावर पहाऱ्याची नोकरी धरली. चारचौघांत माझं मन लागत नाही. ते 'सरकारनं' मात्र सुटत नव्हतं. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाल्यावर एक दिवस मी पुसेगावची एसटी धरली आणि तांड्यावर गेलो.

काका सत्तरीला आले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. दोर मी घेतला. रामसिंगनं खडकापाशी डबल कर म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. आणि तुमच्याशी खोटं बोललो.

काका रागावले नाहीत. त्यांनी मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुटला कितं? मंधी का खुंटीला?"

"खडकाच्या धारेवर. घासून."

"मंग पोतं नव्हतं का गुंडाळलं?"

मला कळलं नाही. त्यांनी हातानं दाखवलं. लादलेल्या बैलाच्या पाठीवर दोर जिथं घासतो, तिथं फाटक्या पोत्याचा तुकडा गुंडाळून बांधायचा. मग कसाही दोर असो, वरीसभर टिकतो. आमच्या पोस्टवर वाळूच्या रिकाम्या पोत्यांचा ढीग पडलेला असायचा. आम्ही त्यांवर बूट पुसायचो. महाग का स्वस्त, शंभर का तीनशे, यावर आमचं बोर्ड तासभर बसलं होतं, आणि पोत्याचा तुकडा आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

"रामसिंगनं सांगितलं न्हाई तुमाला?" काकांनी विचारलं.

"नाही काका."

काका माझ्या शेजारी बाजेवर बसले. मग म्हणाले, "त्याला कुटून ठावं असनार. त्याच्या वक्ताला बैलच राह्यले नव्हते. लादनं म्या केलं, त्याला शाळंत घातलं. मीच सांगाचं राहून गेलं."

"काका, चूक माझी होती."

"तू मेंढरावाल्याचा. तुला कसं ठावं असंल लेका? आमच्या पोराला ठावं पाह्यजे व्हतं. म्या सांगाया पाह्यजे व्हतं."

मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. त्यांनी ऐकलं नाही. शेवटच्या एसटीची वेळ झाली तेव्हा ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले, आणि वाटेनं स्वतःशीच दोन्ही हातांनी पोतं गुंडाळल्यासारखं करत राहिले.

नाईक रामसिंग हरसिंग राठोड गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. वडिलांनी इतकी वर्षं त्याचं दुःख केलं, पण स्वतःला दोष कधी दिला नव्हता. तो मी त्यांच्या दारात नेऊन दिला.