चुलीपुढचा खळगा

हे मी नवऱ्याजवळ बोलले नाही, लेकीजवळ नाही, देवापुढंही नाही. देवाला सांगून काय? तो थोडाच पूनमला जाऊन सांगणार आहे? तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मार्गासनीला रस्त्याकडेला जुनी भाताची गिरणी आहे. पुण्याच्या एका संस्थेनं ती घेतली, भिंतींना चुना दिला आणि तिथं गॅलरी काढली. नवीन पोरापोरींची कला पुढं आणायची म्हणे, स्वतःला नफा घ्यायचा नाही. मी तिथं झाडलोट करते. किल्ली माझ्याकडं. मला सगळे आजी म्हणतात आणि एकेक शब्द सुटा करून बोलतात — जशी मी बहिरीच आहे. काय काय पाहिलं मी तिथं! एकानं तुटक्या चपला दोरीला टांगल्या. एकीनं नुसता कोरा कागद लावला, आणि लोक त्याच्यापुढं हाताची घडी घालून गप उभे. मी मनात म्हणायची, यांना घरी काही काम नाही का?

मग पूनम आली. गुंजवण्याकडची. तिच्या आजीचं घर धरणात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा तिनं त्या घराच्या जागेवरची माती पोत्यांत भरली, टेम्पोनं आणली आणि गॅलरीच्या मागच्या खोलीत आजीच्या स्वयंपाकघराची जमीन केली. मातीचा थर दिला, चोपणीनं चोपला, वर शेणानं सारवलं. चुलीपुढं एक खळगा ठेवला. आजी वर्षानुवर्षं तिथं बसून भाकरी थापायची, म्हणून जमीन बसली होती. जात्यापाशी दुसरा, टाचेचा. आजीला आणून खुर्चीत बसवलं होतं. म्हातारी काठीनं दाखवायची, "हितं न्हाई गं, आंधळे! अजून भिंतीकडं. म्या काय दारात बसून भाकरी केल्या?" आणि पोरगी हसत हसत माती खरवडायची.

मी तिथंच बसले होते. हे लक्षात ठेवा. पूनमनं मलाच विचारलं, "मावशी, शेण किती घालू?" मीच सांगितलं, "लई घालू नको, पोपडे सुटत्यात."

ते प्रदर्शन पूनमचं, चपलावाल्याचं, सगळ्यांचं; त्यातून संस्था एकाच कलाकाराला निवडणार होती. वर्षभर पुण्यात राहायला खोली, काम करायला जागा. पूनमच्या घरी स्थळं बघणं चाललं होतं. निवड झाली तर वर्षभर थांबतो, असं बापानं कबूल केलं होतं. हेही तिनं मला सांगितलं होतं. मग मला काय माहीत नव्हतं?

प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवशी संस्थेच्या मुख्य बाई आल्या. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, खाली बसल्या, खळग्यावरून हात फिरवला आणि रडल्या. जमिनीला बघून रडल्या! मी फडकं घेऊन दारात उभी. मला म्हणाल्या, "आजी, इथं पाय देऊ नका हं."

मला! परकर नेसत होते तेव्हापासून सारवतेय मी. सासूनं माझ्या सारवणात काडी दिसली म्हणून बादली लाथाडली होती. माझ्या जमिनीला बघून कोण रडलं?

हे कारण म्हणून सांगत नाही. असं ऐकून घेणाऱ्या बायका घरोघर आहेत. त्या काही कुणाचं घर दुसऱ्यांदा बुडवत नाहीत.

सकाळी लवकर गेले. परड्यातली माती आणली, पाणी शिंपडलं, दोन्ही खळगे भरले. पूनमचीच चोपणी कोपऱ्यात होती — तिनंच चोपलं. मग शेणकाला करून भिंतीकडून दारापर्यंत मागं सरत सारवत आले. कुठं काडी राहिली असेल? नाही. चांगलं झालं सारवण.

लोक आले तेव्हा मी तोंड वेडं करून उभी राहिले. "जिमीन उखणल्याली दिसली, म्हून नीट केली. आमी अडाणी मानसं, आमाला काय ठावं?"

आणि त्यांनी मानलं! शिकलेली माणसं. एवढी पुस्तकं वाचून यांना एक म्हातारी कळली नाही. एका दाढीवाल्यानं तर माझ्या शेणाच्या हातांचा फोटो काढला आणि म्हणाला, हीच खरी कला.

पूनम एकटी खाली बसली. मी डावखुरी. माझ्या बोटांचे फराटे उलटे वळतात. तिनं त्यांच्यावर आपला उजवा हात ठेवून बघितला. "मावशी, तुमी व्हता की आमच्यासंगं. आजीनं काठीनं दावल्यालं तुमी बघितलंय."

"मला न्हाई बाई ध्यानात," मी म्हणाले.

मुख्य बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पूनम, त्यांना नको बोलूस. त्यांना नाही कळत गं."

पूनमनं जमिनीवरचा हात काढून घेतला. मला सगळं कळत होतं, आणि मी अडाणीपणाच्या पदराआड उभी होते. पदर सोडला असता तर? नाही सोडला. खळग्यांतली माझी माती तिच्या मातीत चोपून एक झाली होती; धरणातली घराची जागा तर पुन्हा पाण्याखाली गेली होती, पाऊस लागला होता. पुन्हा माती आणायला पुढचा उन्हाळा. निवड चपला टांगणाऱ्याची झाली. पूनमचं लग्न त्याच वर्षी झालं, म्हातारी त्याच्या पुढच्या थंडीत गेली. आता खळगा कुठं होता, हे सांगणारं कुणी नाही. मी सोडून.

पाहुणे आले की मुख्य बाई ती गोष्ट अजून सांगतात, भोळ्या आजीची. मला हाक मारतात. मी येऊन उभी राहते, हसते.

पूनम कधी मार्गासनीच्या एसटी थांब्यावर दिसते, कडेवर पोर. "बऱ्या हाय का मावशी?" विचारते. मी म्हणते, बरी हाय.

मागच्या खोलीत आता खुर्च्या ठेवतात. जमीन तीच आहे. दर आठ दिवसांनी मीच सारवते. सपाट आहे.