चराच्या पलीकडचा हूक

९ ऑक्टोबर २०१३, बुधवार. सकाळी धुकं, अकराला ऊन. सफरचंदं उतरवली, दोन टोपल्या. क्लेम पेटिट मागच्या दाराने आला. मातीने माखलेला हूक दाखवला.

क्लेम माझा शेजारी. चाळीस वर्षं त्याने शाळेचे गणवेश शिवले. बायको गेल्यावर जमिनीतला धातू शोधणारा डिटेक्टर घेऊन इथली, इंग्लंडातल्या सफोकची शेतं धुंडाळू लागला. आजवर मिळाली ती बटणं आणि डब्यांची झाकणं.

हूक अंगठ्याच्या नखाएवढा, तीन पाकळ्यांचा, वर बारीक तारेची नक्षी. त्याच्या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातल्या मंडळींनी तो न्हाणीघराच्या पडद्याचा ठरवला होता. पडद्याचा हूक मिळाला, आता न्हाणीघर शोध, असं कुणीतरी त्याला म्हणालंही.

क्लेमने माझी करडी लोकरीची शाल मागून घेतली. हुकाच्या पाठीला फीत ओवायची चपटी कडी होती आणि खाली सुईसारखं टोक. ते त्याने शालीच्या काठात अलगद घातलं आणि कडी धरून उचललं. काठ वर आला.

"पडद्याला एवढं बारीक टोक कशाला हवं?" तो म्हणाला. "चिखलातून चालताना कुठल्यातरी बाईने यानं घागरा वर धरलाय."

दुपारी वाचनालयात संग्रहालयाच्या मिस ऑर्म बसतात. आम्ही हूक तिथे नेला. त्यांनी तो भिंगातून पाहिला. चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला, घागरा वर अडकवायचाच हूक; वय पाचशे वर्षांच्या आसपास. क्लेमने तो धुतला नव्हता, म्हणून मुलामा टिकला होता. मग त्यांनी नकाशा पसरला आणि पेन्सिल त्याच्या हाती दिली. नेमका कुठे सापडला?

क्लेमने पेन्सिल नकाशावर नेली आणि चराशी थांबवली. चर्चच्या शेतात हिंडायची त्याला परवानगी होती, पण चरापर्यंतच. यंत्र वाजलं होतं चराच्या पलीकडे. हूक पडद्याचा होता तोवर कुणी विचारलं नसतं. आता खरं सांगितलं तर क्लबातून नाव जाणार, आणि क्लब सोडला तर त्याला दुसरं होतं काय? पेन्सिल बोटभर अलीकडे टेकली असती तरी कुणाला कळलं नसतं.

"चराच्या पलीकडे सहा पावलं," तो म्हणाला. "कॅटरमोलबाईंचं कुरण. मी विचारलं नव्हतं."

तिथून तो तडक त्यांच्याकडे निघाला. मीही गेले. हेस्टर कॅटरमोलने फाटकात उभं राहून सगळं ऐकलं.

"खड्डा बुजवलास?"

"बुजवला. गवताचा थर होता तसा बसवला."

"दाखव."

त्याने चरापासून सहा पावलं मोजली. हेस्टर गुडघ्यांवर बसली, हाताने गवत चाचपत राहिली. जोड काही सापडेना.

"तीन वर्षांपूर्वी तुझ्यासारख्याच एकाने खड्डा उघडा टाकला," ती उठत म्हणाली. "माझ्या कालवडीचा पाय मोडला. तेव्हापासून कुणाला आत घेत नाही." तिने हात झटकले. "तू ये. पण आधी दार वाजव. तुझ्या क्लबवाल्यांना मी सांगते काय ते."

 परतताना वाटेत एकदा थांबून क्लेमने नुसतंच नाक पुसलं.

संध्याकाळी डायरीत लिहिलं: लीकच्या पातीचं सूप, क्लेमने दोन वाट्या घेतल्या. करडी शाल दिव्याखाली तपासली, भोक नाही.