एका अंगाचा भार

नानाजींची मोटार म्हणजे चाकांवर ठेवलेली गादीच. लांबलचक, जुनी, विलायती. स्प्रिंगा इतक्या मऊ की खड्डा गेलेला आतल्याला कळायचा नाही. पण वळण आलं की बाई अशी डुलायची, की जीव मुठीत धरावा! तिला सांभाळावं तर लालसिंग डायवरनंच. त्याच्या आज्यानं बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातलेला. दोन्ही अंगांच्या गोणी सारख्या हव्यात, हे घरचंच शिक्षण. म्हणून लालसिंग आधी माणसं नजरेनं तोलायचा, मग दार उघडायचा. "काकू, तुमी इकडं. मामा, तुमी तिकडं." जाड पाहुणे फुरंगटायचे, पण कोणाचं पोट ढवळत नसे.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात नानाजींनी जीप घ्यायचं काढलं. "ते मीच चालवतो," म्हणाले. झालं! आठ वर्षांची नोकरी गेली की हो! मोटार विकायची ठरली, आणि ती पाहायला बाभुळगावचे विठ्ठलराव बायकोला, शकुबाईंना, घेऊन येणार होते.

"गाडी पसंतच नाही पडली तं?" लालसिंगनं आपल्या बायकोला, धनीबाईला, डोळा घातला.

"उचापती करू नोका," ती म्हणाली. ऐकतो कोण!

दुसऱ्या दिवशी त्यानं अगदी अदबीनं दारं उघडली. विठ्ठलराव पुढं डावीकडं, त्यांच्यामागं शकुबाई. दोघंही चांगली भरदार. काडीसारखे नानाजी उजव्या कोपऱ्यात. मग पठ्ठ्यानं उजवी वळणं अशी घेतली, की मोटार डाव्या अंगावर लोळायचीच बाकी राहिली. "अव माय वो!" शकुबाई ओरडल्या. विठ्ठलराव उतरले ते थेट लिंबाखाली जाऊन ओकले. लालसिंगला मनातून गुदगुल्या होत होत्या.

"गाडी घ्या," शकुबाई म्हणाल्या. "कमरेले एक धक्का लागला नाही."

"घेतो," विठ्ठलराव तोंड पुसत म्हणाले. "नानाजी, तुमी तारीफ केली म्हणून डायवरही संगं नेणार होतो. पण याले तं चालवताच येत नाही."

लालसिंग पुढं धावला. "मालक, मले येते! मी मुद्दाम केलं. भार एकाच अंगाले बसवला. पुन्हा बसा, आत्ता दाखवतो!"



"येत नसतं तं शिकवलं असतं, बाबू," विठ्ठलराव म्हणाले. "मुद्दाम केलं म्हणतो, मंग तुले कायले नेऊ?"

लालसिंगनं मान खाली घातली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.