समोरच्या काकूंचा नैवेद्य

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या समोर राहणाऱ्या काकूंची मला जरा धास्तीच वाटायची. गणपतीत कॉलनीचा नैवेद्य त्यांच्याच घरी व्हायचा. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय त्या कुणाला पिठाला शिवू देत नसत. कुणी सारण चाखायला बोट पुढं केलं, की नुसतं "बिल्कुल नाही!" म्हणायच्या. बोट आपोआप मागं जायचं.

एका वर्षी आम्ही सगळ्याजणी मोदक वळत होतो आणि माझी तेरा वर्षांची मुलगी दाराबाहेर जिन्यात बसली होती.

"ही बाहेर का?" काकूंनी विचारलं.

मी बोलायच्या आत शेजारची बाई हळूच म्हणाली, "पाळी आलीय तिची."

काकू उठून दाराशी गेल्या. मुलगी मान खाली घालून उभी राहिली.

"हात धू आणि आत ये. मोदक वळायचेत."

"अहो, नैवेद्याचं आहे!" मागून कुणीतरी म्हणालं.

"आईच्या अंगच्या मळाचा गणपती झाला," काकू म्हणाल्या. "त्याला कसला विटाळ?"

दोघीजणी हात पुसून निघून गेल्या. काकूंनी त्यांना थांबवलं नाही, त्या पुन्हा पीठ मळायला बसल्या.

मुलीच्या पहिल्या मोदकाची पारी फाटली. तिनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. उकडून झाल्यावर काकूंनी तोच मोदक उचलला आणि नैवेद्याच्या ताटात सगळ्यांच्या वर ठेवला.